नाडी एका लयीत आली तेव्हा: डिगॉक्सिन आणि एका अँटिबायोटिकचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयातलं आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधांचा आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे, कारण सगळा प्रश्न त्या क्रमातच आहे.

रुग्ण राधानगरी तालुक्यातल्या 68 वर्षांच्या बाई. वजन 41 किलो. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी फुग्याने ती झडप उघडली होती. पुढे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं. तेव्हापासून त्यांची नाडी कायम अनियमित. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंप करण्याची ताकद बरी होती, झडप पुन्हा मध्यम प्रमाणात अरुंद झालेली दिसत होती.

गोळ्या तीन होत्या: नाडीचा वेग आवरण्यासाठी डिगॉक्सिन 0.25 मिलिग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस. पाणी काढण्यासाठी फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅम रोज. आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन. डिगॉक्सिनला शनिवार-रविवार सुट्टी द्यायची ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, आणि घरचे ती काटेकोर पाळत होते.

डिगॉक्सिन मूळचं डिजिटॅलिस नावाच्या झाडाच्या पानातलं औषध. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये या पानाच्या वापरावर पुस्तक छापलं. मात्रा जास्त झाली की उलट्या होतात, नाडी फार मंदावते आणि वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. हे औषध पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं. त्यामुळे हृदयाचं आकुंचन जोरकस होतं आणि वरच्या कप्प्यांतून खाली येणारे विद्युत संदेश मंदावतात. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं. शरीरातून ते बाहेर पडतं मुख्यतः मूत्रपिंडातून.

अडचण कशी उभी राहिली

जुलैचा पाऊस लागला होता. बाईंना आठवडाभर खोकला, बारीक ताप, छातीत घरघर. गावातल्या डॉक्टरांनी तपासून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस लिहून दिलं. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना सांगितलं होतं, पण कोणत्या, ते सांगणारी फाईल घरी कपाटात होती. निर्णय त्यांच्यासमोरच्या माहितीवर चुकीचा नव्हता. छातीच्या संसर्गासाठी हे औषध सर्रास दिलं जातं.

खोकला उतरला. चौथ्या दिवशी मात्र जेवण तुटलं. पाचव्या दिवसापासून उलट्या. घरात सगळ्यांचं मत पडलं, "पित्त उसळलंय." पित्ताची गोळी आणि उलटीचं औषध सुरू झालं. डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड ठरल्याप्रमाणे चालूच राहिल्या, कारण हृदयाची गोळी चुकवायची नाही असं प्रत्येक भेटीत बजावलेलं होतं.

यानंतरच्या दोन गोष्टी मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात.

पहिली: बाईंनी सुनेला विचारलं होतं, दुधात हळद घातलीस का म्हणून. घातलेली नव्हती. सुनेनं ते नजरेचं किंवा वयाचं म्हणून सोडून दिलं. रुग्णालयात आल्यावर पहिल्या तासभरात हे कुणी सांगितलंही नाही, कारण उलटीसाठी आणलेल्या माणसाला दूध कसं दिसतं हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी: सहाव्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली. ती संथ होती, पण वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच एका लयीत लागत होती. घरच्यांना हायसं वाटलं. मुलगा आमच्याकडे आल्यावर म्हणाला, "ठोकं आता बरोबर पडत्यात डॉक्टर, नुसतं खाणं तेवढं न्हाई."

ज्याची नाडी कायम अनियमित असते त्याची नाडी डिगॉक्सिन चालू असताना अचानक संथ आणि नियमित झाली, तर तो सुधार धरता येत नाही. वरच्या कप्प्यांतला गोंधळ तसाच असतो; फक्त तिथले संदेश खाली पोचणं थांबलेलं असतं, आणि खालचं केंद्र स्वतःच्या संथ गतीने हृदय चालवत असतं.

सातव्या दिवशी दुपारी त्या दाखल झाल्या. नाडी मिनिटाला 42, अगदी नियमित. रक्तदाब 100/60. जीभ कोरडी. ईसीजीमध्ये पी लाटा, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या नियमित ठोक्यांची खूण, नाहीत, तळरेषा थरथरती, आणि त्यावर समान अंतराने पडणारे अरुंद ठोके. पोटॅशियम 2.9. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन 1.8, सहा महिन्यांपूर्वी ते 1.1 होतं. वॉरफरिनचा परिणाम दाखवणारा आयएनआर 4.6, हवा होता 2 ते 3.

छापील अभ्यासांनी काय सांगितलं होतं

क्लॅरिथ्रोमायसिन आणि डिगॉक्सिन यांचं वैर नवं नाही. कॅनडातल्या टोरांटोचे डॉक्टर-संशोधक डेव्हिड जुरलिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 'जामा' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. ओंटारिओ प्रांतातल्या वयस्कर रुग्णांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. डिगॉक्सिनच्या विषबाधेने दाखल झालेल्या रुग्णांची तुलना त्यांनी डिगॉक्सिन घेणाऱ्या पण दाखल न झालेल्या रुग्णांशी केली. दाखल झालेल्यांनी आदल्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेलं असण्याची शक्यता सुमारे 12 पट निघाली. त्याच आजारांसाठी दिल्या जाणाऱ्या सेफ्युरॉक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकबाबत असा संबंध आढळला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचं मोल मोठं आहे. खोकला-तापानेच माणूस खालावला आणि त्यामुळे विषबाधा झाली, असं असतं तर सेफ्युरॉक्झिम घेणाऱ्यांतही ती वाढलेली दिसली असती.

त्याच गटाने 2009 मध्ये क्लॅरिथ्रोमायसिनच्या कुळातल्या अँटिबायोटिक्सची आपसांत तुलना केली. क्लॅरिथ्रोमायसिनचा धोका सर्वाधिक, जवळजवळ 15 पट. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिनचा त्यापेक्षा पुष्कळ कमी, पण तरीही साधारण पावणेचार पट. म्हणजे क्लॅरिथ्रोऐवजी अझिथ्रो दिलं की प्रश्न मिटला, असं होत नाही.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. 12 पट म्हणजे ही दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या प्रत्येकाला विषबाधा होते असं नव्हे. अनेकांना काहीच होत नाही, आणि म्हणूनच लिहून देणाऱ्याला स्वतःच्या अनुभवातून ही जोडी धोक्याची वाटत नाही. असा धोका दिसायला हजारो नोंदी एकत्र मांडाव्या लागतात. एका दवाखान्याच्या उभ्या आयुष्यातही तो नीट दिसणार नाही. म्हणून या बाबतीत छापील अभ्यासाचा शब्द स्वतःच्या आठवणीपेक्षा वरचा मानावा, असं माझं ठाम मत आहे.

यामागचं कारण असं. पेशींच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक वाहक असतो. तो डिगॉक्सिन आतड्यात परत ढकलतो आणि मूत्रपिंडातून लघवीत सोडतो. क्लॅरिथ्रोमायसिन त्याला अडवतं. मग औषध आत जास्त शिरतं आणि बाहेर कमी पडतं.

आमच्या रुग्णात त्यावर आणखी दोन गोष्टींची भर पडली. फ्युरोसेमाइड आणि उलट्यांनी पोटॅशियम घटलं. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन एकाच पंपावर जागेसाठी झगडतात. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची पकड घट्ट होते. शिवाय पाणी कमी पडल्याने मूत्रपिंडाचं काम मंदावलं.

पर्याय आणि निर्णय

पहिला निर्णय दाखल झाल्याच्या तासाभरातच घ्यायचा होता: हे नेमकं आहे काय? एक मत असं पडलं की लय आपोआप मूळ पदावर आली आहे आणि उलट्यांमुळे नाडी मंद आहे, तेव्हा सलाइन देऊन वाट पाहू. ईसीजी पुन्हा नीट पाहिल्यावर ते मत मागे पडलं, कारण पी लाटा कुठेच नव्हत्या. दुसरं मत: हा पूर्ण हार्ट ब्लॉक आहे, म्हणजे वरचे संदेश खाली पोचणं बंद पडलं आहे, वय 68 आहे, कायमचा पेसमेकर बसवू. कागदावर ते पटण्यासारखं होतं, आणि घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव सुरूही केली होती.

इथे मदत झाली ती अतिदक्षता विभागातल्या सिस्टरची. त्यांनी सुनेला जवळ बसवून आजाराचा पहिला दिवस ते आजचा दिवस असं सगळं विचारलं. "ताई, ह्या आठवड्यात आत्यांनी नवीन काय काय खाल्लं, कुठल्या गोळ्या घेतल्या, सगळं सांगा. बारीकसारीकसुद्धा." तेव्हा पिशवीतून क्लॅरिथ्रोमायसिनची रिकामी पट्टी निघाली, आणि दुधाची गोष्टही. ब्लॉकचं कारण औषध असेल तर औषध उतरल्यावर ब्लॉक जाईल. कायमच्या पेसमेकरची घाई करायची नाही, असं ठरलं.

रक्तातली डिगॉक्सिनची पातळी लगेच कळली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे ती तपासणी होत नव्हती. नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार होता. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली होती आणि रस्त्यांचा भरवसा नव्हता. शेवटच्या गोळीनंतर सहा तास उलटले आहेत याची खात्री करून नमुना पाठवला, पण उपचार अहवालावर अडवून ठेवले नाहीत. लक्षणं, ईसीजी, पोटॅशियम आणि औषधांचा क्रम एवढा पुरावा पुरेसा होता.

आता उपचार. विषबाधा उतरवणारी डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं हा सर्वांत नेमका इलाज, पण ती हाताशी नव्हती आणि वेळेत येण्याची शक्यता दिसत नव्हती. मुलानं डायलिसिसचं विचारलं, कुणीतरी सुचवलं होतं. डिगॉक्सिन रक्तात थोडं आणि स्नायूंत-ऊतींत फार असतं, त्यामुळे डायलिसिसने ते निघत नाही. हे त्यांना समजावून सांगितलं.

उरला तात्पुरता पेसमेकर, म्हणजे शिरेतून हृदयात तार घालणं. यावर बराच खल झाला. आयएनआर 4.6 असताना मोठ्या शिरेत सुई घालणं म्हणजे रक्तस्रावाचा धोका, आणि डिगॉक्सिनने चिडलेल्या हृदयाला आत तार टेकली तर जीवघेणी लय सुरू होऊ शकते. दुसरीकडे नाडी अचानक आणखी घसरली तर तार घालायला वेळ मिळणार नाही. शेवटी सीमा आखून घेतली: नाडी 35 च्या खाली गेली, वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला, शुद्ध हरपू लागली किंवा खालच्या कप्प्यांचे ठोके ओळीने पडू लागले, तर तार घालायची. तोवर छातीवर पॅड लावून बाहेरून ठोके देणारं यंत्र तयार ठेवायचं आणि नाडी वाढवणारं ॲट्रोपिन भरून ठेवायचं. हे सगळं पलंगाशी कागदावर लिहून लावलं, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला नव्याने विचार करत बसायला नको.

डिगॉक्सिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्युरोसेमाइड बंद. वॉरफरिन थांबवलं, रक्तस्राव नसल्याने व्हिटॅमिन के दिलं नाही. पोटॅशियम भरून काढणं नाजूक काम होतं. कमी राहिलं तर विष वाढतं, वेगाने वाढवलं तर ब्लॉक आणखी वाढू शकतो, आणि मूत्रपिंड मंद असल्याने जादा झालेलं बाहेर पडणार नाही. म्हणून मॉनिटर लावून तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त द्यायचं नाही, सोबत मॅग्नेशियम, आणि दर सहा तासांनी तपासणी. सलाइनही हात राखून दिलं. अरुंद झडपेच्या रुग्णाला पाणी जास्त झालं की ते फुप्फुसात साठतं.

परिणाम

दुसऱ्या दिवशी पोटॅशियम 3.9 वर आलं, उलट्या थांबल्या. त्या रात्री दीड वाजता सिस्टरनी नोंद केली: नाडी 58, अनियमित. एरवी जी नोंद चिंतेची ठरली असती, तिची आम्ही वाट पाहत होतो. वरचे संदेश पुन्हा खाली पोचू लागले होते. तार घालावी लागली नाही.

डिगॉक्सिनचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला: 3.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. कागदावर 'सामान्य' मर्यादा 0.8 ते 2.0 छापली होती. ही मर्यादा जुनी आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, 6,800 रुग्णांवरच्या 'डिग' चाचणीत (1997) डिगॉक्सिनमुळे मृत्यू घटले नाहीत, हृदय निकामी होऊन दाखल होणं मात्र घटलं. त्याच चाचणीतल्या पुरुषांच्या रक्तपातळीचं विश्लेषण 2003 मध्ये छापलं गेलं. 0.5 ते 0.8 पातळी असलेल्यांत मृत्यू कमी दिसले, 1.2 आणि त्यावर असलेल्यांत जास्त. म्हणजे 1.8 चा अहवाल पाहून कुणी निश्चिंत झालं, तर ती निश्चिंती खोटी.

पाचव्या दिवशी नवा प्रश्न आला. नाडी 110 वर गेली. झडप अरुंद असताना वेग वाढला की हृदय भरायला वेळ मिळत नाही, धाप लागते. नाडीचा वेग कमी करणारं मेटोप्रोलॉल अगदी कमी मात्रेत सुरू केलं. घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी नाडी 98 होती, चढ चढताना दम लागत होता, आणि रक्तदाब 96 वर असल्याने मेटोप्रोलॉल वाढवायला जागा नव्हती.

डिगॉक्सिन पुन्हा द्यायचं का? आमच्यातच दोन मतं होती. 'डिग' चाचणीचा आधार इथे घेता येत नव्हता, कारण ती नियमित लय असलेल्या रुग्णांवर झाली होती. जवळचा अभ्यास होता बर्मिंगहॅमचा, 2020 मध्ये छापलेला: कायमचं एट्रियल फिब्रिलेशन असलेले 60 वर्षांवरचे 160 रुग्ण, निम्म्यांना कमी मात्रेत डिगॉक्सिन आणि निम्म्यांना मेटोप्रोलॉलच्याच गटातलं बिसोप्रोलॉल. सहा महिन्यांनी जीवनमानात फरक दिसला नाही, त्रास मात्र डिगॉक्सिन गटात कमी झाले. अभ्यास लहान आहे, पण त्यातून एवढं कळलं की कमी मात्रेत आणि लक्ष ठेवून हे औषध वयस्करांना चालतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार अर्धी गोळी, म्हणजे 0.125 मिलिग्रॅम, असं ठरवलं. पूर्वी आठवड्याला 1.25 मिलिग्रॅम जात होतं, आता 0.375. दोन आठवड्यांनी पातळी 0.6, नाडी 78.

मुलाची आणखी एक मागणी होती: वॉरफरिनऐवजी तपासणी न लागणारी नवी गोळी. राधानगरीहून आयएनआरसाठी येणं म्हणजे त्याचा एक दिवस मोडतो, हे खरं आहे. पण दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये छापलेली 'इन्व्हिक्टस' चाचणी नेमक्या अशाच, संधिवाती झडपेच्या आणि एट्रियल फिब्रिलेशनच्या, साडेचार हजारांवर रुग्णांवर झाली आहे. त्यात नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुनी वॉरफरिनच्या गटातली औषधं सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. वॉरफरिनच ठेवलं, तपासणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी लावून दिली.

वेगळं काय करता आलं असतं

बरेच जण या प्रकरणात बोट अँटिबायोटिककडे दाखवतील. माझ्या मते त्याआधीच मात्रा जास्त होती. क्रिएटिनिन 1.1 आलं की प्रयोगशाळेच्या कागदावर ते सामान्य दिसतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि 41 किलोच्या बाईंकडे स्नायू थोडेच. वय, वजन आणि लिंग धरून, मूत्रपिंड किती वेगाने रक्त साफ करतं ते सांगणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला: 140 उणे 68, गुणिले 41, भागिले 72 गुणिले 1.1, आणि स्त्रियांसाठी त्याच्या 0.85 पट. उत्तर येतं मिनिटाला सुमारे 32 मिलिलिटर, म्हणजे निरोगी मूत्रपिंडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकं. अशा मूत्रपिंडातून डिगॉक्सिन निम्मं व्हायला दीड-दोन दिवसांऐवजी तीन दिवसांच्या आसपास लागतात. शनिवार-रविवारच्या सुट्टीने त्यात मोठा फरक पडत नाही. हिशेब दोन मिनिटांचा आहे, पण चिठ्ठीवर वजन लिहिलेलं नसेल तर तो होतच नाही.

अँटिबायोटिक निवडताना सेफ्युरॉक्झिम किंवा अमॉक्सिसिलिन चाललं असतं. क्लॅरिथ्रोमायसिनच हवं असेल तर तेवढे दिवस डिगॉक्सिन कमी करून नाडी आणि पोटॅशियम पाहायला हवं होतं. पण गावातल्या डॉक्टरांसमोर डिगॉक्सिन हे नावच नव्हतं. मेडिकलवाल्याकडे दोन्ही औषधं एकाच महिन्यात गेली, पण दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर आणि दोन वेगळ्या माणसांच्या हातून.

आता बाईंच्या फाईलच्या बाहेर, पिशवीतही मावेल असं एक कार्ड आहे: चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, वजन, शेवटचं क्रिएटिनिन, आणि मोठ्या अक्षरांत मराठीत दोन सूचना. नवीन कोणतंही औषध घेण्याआधी हे कार्ड दाखवा. जेवण तुटलं, उलट्या झाल्या, पिवळं दिसलं किंवा नाडी 60 च्या खाली गेली, तर पुढची डिगॉक्सिनची गोळी घेण्याआधी फोन करा. नाडी मोजायला सुनेला शिकवलं आहे, एक अख्खं मिनिट, आणि ठोके एका लयीत वाटले तर तेही कळवायचं आहे.

एक प्रश्न आमच्यात अजून सुटलेला नाही. झडप आणखी अरुंद होईल आणि मूत्रपिंडही वयाबरोबर मंदावेल, तेव्हा ही अर्धी गोळीसुद्धा जास्त ठरेल. ती कमी करत न्यायची, की झडपेच्या दुसऱ्या उपचाराकडे आधीच वळायचं? दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, आणि पावसाळ्याआधी इको, असं सध्या ठरलं आहे. इकोचा अहवाल आला की झडपेचा निर्णय शल्यचिकित्सकांना सोबत घेऊन करायचा आहे.